जपानी ताट आणि महारवाड्यातले कोरड्यास

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला मी आधुनिक जपानचा इतिहास शिकवतो. मेईजी राजवटीकडे वळण्याआधी एक तास जुन्या जपानी समाजजीवनावर द्यावा लागतो. घर, पोशाख, आहार. आहारावर आमच्या पाठ्यपुस्तकात चार-पाच ओळी आहेत : भात, मासे, सोयाबीन, भाज्या, साधेपणा, बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे मांसाहार वर्ज्य. दोन वर्षांपूर्वी हे सगळे फळ्यावर लिहून मी वळलो, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून उभा राहिला. चांदवडकडचा, आपल्याच वस्तीतला. म्हणाला, "सर, तिथं नांगराला बैल होते ना? मग मेल्यावर ते कोण ओढायचं?"

वर्ग हसला. मला हसता आले नाही. उत्तर मला माहीत नव्हते. मी एम. ए. झालो, पुढच्या परीक्षा दिल्या, आणि ज्या घरात हा प्रश्न तीन पिढ्या रोज विचारला गेला असेल त्या घरातून मी आलेला असूनही माझ्या एकाही पुस्तकात तो मला भेटला नव्हता. मीही कधी विचारला नव्हता. त्यानंतर शोधत गेलो. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

आधी ताट नीट समजून घेतले पाहिजे. एखाद्या समाजाच्या चुलीवर टीका करायची तर निदान तिच्यावर काय शिजते ते तरी माहीत हवे.

जपानी जेवणाचा सांगाडा सोपा आहे. वाडगाभर भात, वाडगाभर सार, तीन तोंडीलावणी आणि लोणचे. त्याला 'इचिजू सानसाइ' म्हणतात; अर्थ एवढाच की एक सार, तीन पदार्थ. भात आणि लोणचे मोजण्यात धरत नाहीत, ते असायचेच. भात बिनमिठाचा, चिकट, काड्यांनी उचलता येईल असा. साराचा प्राण म्हणजे 'दाशी' नावाचे पाणी. 'कोंबू' हे वाळवलेले समुद्रशैवाल गरम पाण्यात टाकायचे आणि पाण्याला उकळी फुटायच्या आत बाहेर काढायचे. मग त्यात 'कात्सुओबुशी'चे काप पडतात. बोनिटो जातीचा मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला असतो; तो रंधा मारावा तसा खरवडतात. तेल नाही, फोडणी नाही. या पाण्यात 'मिसो' विरघळवला की सार झाले. मिसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन मीठ घालून, तांदळावर किंवा जवावर वाढवलेल्या बुरशीच्या मदतीने महिनोन्‌महिने पिंपात आंबवलेले. १९०८ साली टोकियोच्या विद्यापीठातल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबूच्या पाण्यातून त्या चवीचे मूळद्रव्य वेगळे काढले आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पंक्तीला 'उमामी' ही आणखी एक चव बसवली.

जेवायची रीतही पाहण्यासारखी आहे. जुन्या जपानी घरात सगळ्यांचे मिळून एक मेज नव्हते. प्रत्येकाचे ताट वेगळे, चौरंगाएवढे, बुटक्या पायांचे. सामान्य घरांत पेटीचे ताट असे : आत ज्याचा त्याचा वाडगा आणि काड्या. जेवण झाले की वाडग्यात गरम पाणी किंवा चहा ओतून, विसळून, पिऊन टाकायचे आणि वाडगा परत पेटीत ठेवायचा. घरातल्या सगळ्यांनी एका बुटक्या मेजाभोवती बसणे सर्रास झाले ते विसाव्या शतकात. घास घेण्यापूर्वी 'इतादाकिमास' म्हणतात, म्हणजे नम्रपणे स्वीकारतो.

हे वाचत असताना मला सारखे आमच्या घरचे ताट दिसत होते. येवला तालुक्यातले आमचे गाव, भात सणावारी. बाजरीची भाकरी आणि कोरड्यास. शहरात वाढलेल्या वाचकांसाठी सांगतो, कोरड्यास म्हणजे भाकरीबरोबर जे काही असेल ते. ती कधी तांदुळज्याची, घोळीची पातळ भाजी, कधी हुलग्याचे माडगे, कधी पीठ लावून वाढवलेला रस्सा. वर मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. एक धान्य, एक पातळ, एक झणझणीत. सांगाडा तोच. गरिबाला धान्य पोटभर खायचे तर ते घशाखाली उतरवण्यासाठी थोडेसे खारट, थोडेसे तिखट लागते. जगभरच्या स्वयंपाकाचा पाया बहुधा एवढाच असावा.

पण भात तरी कोणाचा? पाठ्यपुस्तकातला 'जपानी माणूस भात खातो' हा वाक्यप्रयोग तपासला पाहिजे. तोकुगावा राजवटीत (१६०३ ते १८६८) जमिनीची किंमत 'कोकु' या मापात मोजत. एक कोकु म्हणजे सुमारे १५० किलो तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. सरदाराची पत कोकुवर ठरे, सामुराईचा पगार तांदळात मिळे. म्हणजे तांदूळ हा आधी सारा होता आणि मग अन्न. तो पिकवणारा शेतकरी बहुतेक राळा, सावा आणि जव खाई; भात केलाच तर मुळा, पाला घालून वाढवी. उलट एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्यांचे पाय सुजत. त्या रोगाला लोक 'एदोचे दुखणे' म्हणत. तो बेरीबेरी होता. कोंडा काढून टाकण्याचा हा दंड. जात्यावर बसून राळा, बाजरी दळणारीला तो भरावा लागला नाही, एवढेच तिचे नशीब.

आता विद्यार्थ्याचा प्रश्न.

इ. स. ६७५ साली सम्राट तेम्मूने फर्मान काढले : गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाऊ नये. पाठ्यपुस्तके इथेच थांबतात. फर्मानात पुढे मुदत आहे. ही बंदी चौथ्या महिन्यापासून नवव्या महिन्यापर्यंतच, म्हणजे भातशेतीच्या हंगामापुरती. हरीण आणि रानडुक्कर यादीत नाहीत. करुणा होती असे मानले तरी ती नांगराच्या तालावर चालत होती, हे दिसते. पुढच्या शतकांत अशी फर्माने पुन्हा पुन्हा निघाली. पुन्हा पुन्हा काढावी लागली याचा अर्थ लोक खात होते. हळूहळू मांसाभोवती विटाळाची कल्पना घट्ट झाली. तिच्यात प्राणिहत्येविषयीचे बौद्ध शील होते आणि मृत्यू व रक्त यांच्या विटाळाविषयीची मूळची शिंतो समजूतही होती. तरीही जिभेने पळवाटा काढल्याच. रानडुकराच्या मांसाला 'डोंगरातला देवमासा' म्हणायचे, म्हणजे तो मासा झाला. थंडीत मांस 'औषध' म्हणून खायचे. हिकोनेच्या सरदाराकडून मिसोत मुरवलेले गोमांस खुद्द शोगुनकडे भेट म्हणून जात असे. आपल्याकडेही असे सोवळे कमी नाही.

बैल मात्र मरतच होते. ते उचलणाऱ्यांना 'कावाता', म्हणजे कातडेवाले, म्हणत. सरकारी भाषेत त्यांना 'एता' म्हटले गेले. 'पुष्कळ घाण' अशा अर्थाच्या अक्षरांनी हा शब्द लिहीत. तो शिवी आहे, म्हणून पुन्हा वापरत नाही. गावातले जनावर मेले की त्यावरचा मालकाचा हक्क संपे. शेतकऱ्याने ते स्वतः विकायचे नाही, पुरायचे नाही. ठरलेल्या हद्दीतले मेलेले जनावर त्या हद्दीच्या कावातांचे. या हक्काचे दिवसवार हिस्से पडलेले असत, ते वारसाने येत, गहाण पडत, विकलेही जात. बदल्यात पहारा, तुरुंगाची आणि फाशीची कामे त्यांच्या माथी. त्यांच्या चुलीतला विस्तव कोणी घ्यायचा नाही. वस्ती वेगळी, नोंदवही वेगळी. त्यांनी कमावलेल्या कातड्याची चिलखते सामुराईच्या अंगावर, त्यांनी मढवलेला ढोल देवळात.

येसकराची पाळी, महारकी, पडलेल्या ढोरावरचा हक्क आणि त्याच्या कातड्यावरून पाटलाशी होणारी भांडणे ज्यांनी घरात ऐकली आहेत त्यांना हे सांगून कळायला नको. हजारो मैलांवर, आपल्याशी काही संबंध नसताना, तीच वहिवाट. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

आमच्या घरात चान्यांची गोष्ट अशी सांगतात. ढोर पडले की निरोप महारवाड्यात येई. पुरुष ते ओढून हाडकीकडे नेत. मांसाचे वाटे घरटी पडत, कर्त्या पुरुषांवर नाही. विधवेचाही वाटा असे. आजी हे नेहमी ठासून सांगे. ताजे मांस दोन दिवसांत संपवायला लागे. उरलेले लांब पट्ट्यांत कापून, मीठ लावून, दोरीवर उन्हात घालायचे. त्याच चान्या. वाळल्या की मडक्यात भरायच्या. पावसाळ्यात काम नसे, घरात दाणा नसे, तेव्हा दोन चान्या निखाऱ्यावर भाजून ठेचायच्या किंवा अंबाडीत टाकायच्या. चरबी कढवून ठेवायची, तेलाच्या जागी. वजडी धुवायची तर तासभर जाई. रक्तीही टाकत नसत. यात फोडणीचा थाट नव्हता, पण हे ज्ञान होते. कोणता तुकडा आधी खराब होतो, कोणत्या उन्हात पट्टी वाळते आणि कोणत्या उन्हात नुसती करपते, हे तिला माहीत होते. धुरावर धरलेला बोनिटो आणि दोरीवरची चानी यांची विद्या एकच आहे : मिळालेल्या दिवशीचे अन्न न मिळणाऱ्या दिवसासाठी राखायचे.

मात्र मी येथे चान्यांचे गोडवे गायला बसलेलो नाही. ते मांस आजारी जनावराचेही असे. ते मिळायचे ते जनावर मेल्यामुळे, आणि ते 'हक्क' म्हणून घ्यायचे म्हणजे महारकीच्या दोरीत मान अडकवायची. १९ आणि २० मार्च १९२७ या दिवशी महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, भाकरतुकडा मागणे सोडा असे सांगितले, ते आरोग्याचे प्रवचन नव्हते. त्याच वेळी ते वतनाच्या मुळावर घाव घालत होते. पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनविषयक विधेयक आणले. वतने कायद्याने जायला मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

आजीचा सासरा, म्हणजे माझा पणजोबा, २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला चालत नाशिकला गेला होता. पुढारी दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, दादासाहेब गायकवाड. पणजोबा परत आला तो चान्यांची दोरी तोडूनच घरात शिरला, असे आमच्याकडे सांगतात. या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग फक्त बायका सांगत. त्याच्या आईने तुटलेली दोरी उचलली, मडके ओढ्यावर रिकामे केले आणि मग ती ओट्यावर बसून रडली. मांसासाठी नाही, आषाढात काय शिजवायचे म्हणून. निर्णय परिषदेत झाला, तो अमलात आणला चुलीपुढे बसलेल्या बाईने. आपल्या चळवळीच्या इतिहासात सत्याग्रहींच्या याद्या आहेत. मडकी रिकामी करणाऱ्यांची यादी कोणी केलेली नाही. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' नसते तर त्या घरांच्या आतले एवढेही आपल्याला कळले नसते.

१९७२ च्या दुष्काळात आजीने खडी फोडली. मिळायची ती सुकडी आणि लाल मिलो. गावाबाहेर ढोरे पटापट पडत होती. "पण कोणी हात लावला नाही," ती म्हणायची. "उपाशी होतो, तरी नाही लावला." हे सांगताना तिचा आवाज चढत असे.

आता ज्या भागाने मला सर्वांत जास्त त्रास दिला त्याकडे येतो. आपण बौद्ध आहोत. जपान हे बुद्धाचे राष्ट्र, तिथे समता असणार, अशी एक भोळी समजूत आपल्या सभांतून मी लहानपणापासून ऐकत आलो. मग तिथे हे कसे?

नाशिकच्या माणसाला या प्रश्नाची सुरुवात घराजवळ सापडते. त्रिरश्मी डोंगरावर दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. तो सांगतो की एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेऊन ते लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांनी येणाऱ्या भिक्षूंच्या अन्नासाठी दिले. अन्नासाठी शब्द आहे 'मुखाहार'. भिक्षू कुठून आला, कोणाच्या पोटी जन्मला याची अट नाही. चारी दिशांचा संघ. त्याच लेखात उषवदात हेही अभिमानाने नोंदवतो की त्याने तीन लाख गाई दान केल्या आणि दरवर्षी एक लाख ब्राह्मणांना जेवू घातले. तीन लाख गाई! त्या मेल्यावर कोणी ओढल्या ते लेखात नाही. चांदवडच्या पोराचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

भिक्षूचा वाडगा हीच मुळात एक क्रांती होती. दारोदार जायचे, ज्याने जे घातले ते खायचे. घर निवडायचे नाही. मांस पडले तर तेही, फक्त ते आपल्यासाठी मारलेले पाहिलेले, ऐकलेले किंवा संशयलेले नसावे. देवदत्ताने भिक्षूंवर मांसबंदी घालावी अशी मागणी केली तेव्हा बुद्धाने ती नाकारली. बुद्धाचे अखेरचे जेवण चुंद नावाच्या लोहाराच्या घरचे. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, हे स्पष्ट केले आहे.

हा वाडगा जपानला पोहोचला. सोतो झेन पंथाचा संस्थापक दोगेन (१२०० ते १२५३) याने १२३७ साली मठातल्या आचाऱ्यासाठी एक पुस्तिका लिहिली. तांदूळ निवडणे, पाणी मोजणे, भाजी मग साधी असो की भारी, सारख्याच मनाने चिरणे, हीच साधना, असे तो सांगतो. स्वयंपाक्याला इतका मान देणारे धर्मग्रंथ फार थोडे. ती वाचताना मला आजीचे वजडी धुणे आठवले. आणि याच पंथाचे एक प्रमुख १९७९ साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे भरलेल्या जागतिक धर्म आणि शांतता परिषदेत उठून म्हणाले की जपानमध्ये असा भेदभाव नाही. गदारोळ झाला, पुढे माफी मागितली गेली, पंथाला आपली दप्तरे उघडावी लागली. दप्तरांत काय होते? मेलेल्या माणसाला भिक्षू धर्मनाम देतात. वाड्यातल्या माणसांच्या धर्मनामांत पशू, कातडे, सेवक अशा अर्थाची अक्षरे घातली होती. ती थडग्यांवर कोरली होती. जिवंतपणी वाडा वेगळा आणि मेल्यावर दगडही वेगळा.

हे कसे घडले? १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी आपल्याकडची उपपत्ती मांडली. ब्राह्मणांनी बौद्धांवर मात करण्यासाठी गोमांस सोडले. गावकुसाबाहेरची पांगलेली माणसे बौद्ध होती आणि मेलेल्या गाईचे मांस खात राहिली. द्वेष आणि गोमांस या दोन कारणांनी, साधारण इ. स. ४०० च्या सुमारास, ती अस्पृश्य ठरली. जपानात ब्राह्मण नव्हता, बौद्ध धर्म हरला नव्हता, जिंकला होता. तरी ढोर ओढणारा अस्पृश्य झाला. यावरून बाबासाहेब चुकले असे कोणी म्हणेल तर मी सहमत नाही. ते इथल्या इतिहासाचे कारण शोधत होते, जगाचा नियम सांगत नव्हते. चुकली आहे ती आपली आळशी समजूत, की बुद्ध जिथे पोहोचला तिथे अस्पृश्यता उरूच शकत नाही. तोकुगावांच्या काळात बौद्ध देवळे सरकारची नोंदणी-कचेरी झाली होती. प्रत्येक कुटुंबाने कोणत्या तरी देवळात नाव नोंदवायचे. कावातांच्या नोंदी वेगळ्या, त्यांची देवळेही वेगळी. सर्वांच्या घरचे घेणारा भिक्षू सर्वांची यादी ठेवणारा कारकून झाला, तेव्हा त्या यादीत राजाला हवे ते रकाने आले. धम्माचे असे सरकारीकरण परके समजून चालणार नाही. आपल्या विहारांच्या विश्वस्त मंडळांकडे पाहा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शिनरान (११७३ ते १२६३) या आचार्याने शिकारी आणि बाजारात विकून पोट भरणारे यांच्यात स्वतःला गणले होते. जीव मारून जगणाऱ्यालाही मुक्ती आहे असे तो म्हणाला. वाड्यातले बहुसंख्य लोक त्याच्याच पंथात राहिले, ते उगाच नव्हे.

१८७१ साली मेईजी सरकारने मेलेल्या जनावरांवरचा जुना हक्क आधी काढून घेतला, आणि त्याच वर्षी मुक्तीचे फर्मान काढून शिवीचे नाव रद्द केले. १८७२ च्या जानेवारीत सम्राटाने गोमांस खाल्ल्याची बातमी जाहीर झाली. युरोपियनांसारखे धट्टेकट्टे व्हायचे तर मांस खाल्ले पाहिजे, हा नवा मंत्र. रातोरात गोमांस सुधारणेचे लक्षण झाले आणि ते हाताळणारे हात मात्र घाणेरडेच राहिले. कातड्याचा धंदा मोठ्या भांडवलाकडे गेला, फर्मानाबरोबर जमीन आली नाही. १८७३ साली मिमासाका भागातल्या शेतकरी बंडात वाड्यातल्या माणसांची घरे जाळली, माणसे मारली. ही माणसे आता आमच्या बरोबरीने वागतात, हा राग त्यात होता.

३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे त्यांनी 'सुइहेइशा', म्हणजे समतल करणारी संघटना, स्थापन केली. काळ्या झेंड्यावर रक्तवर्णी काट्यांचा मुकुट. जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची शिनरानच्याच पंथाच्या देवळात जन्मलेला. संघटनेने पहिल्या झटक्यात त्या पंथाच्या मोठ्या मठांना देणग्या देणे थांबवले. महाड पाच वर्षांनी, काळाराम आठ वर्षांनी. तिकडे ३ मार्च, इकडे २ मार्च.

आज त्या वस्त्यांना नुसते 'बुराकु' म्हणतात. शब्दाचा अर्थ वस्ती, वाडा. म्हणजे आपल्याकडे नुसते 'वाडा' म्हटले की जो अर्थ डोळ्यांत चमकतो तोच. १९७५ साली उघडकीस आले की नामांकित कंपन्या अशा वस्त्यांच्या पत्त्यांच्या याद्या चोरून विकत घेत होत्या, नोकरी देताना गाळण्यासाठी. २०१६ साली भेदभाव निर्मूलनाचा कायदा करावा लागला. आडनावावरून, गावावरून चाचपणी करणारे मुलाखत मंडळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना पुढचे सांगत नाही.

आणि त्यांची चूल? ओसाकाच्या बाजूच्या बुराकु वस्त्यांत दोन पदार्थ टिकले. 'साइबोशी' म्हणजे घोड्याचे किंवा बैलाचे मांस मीठ लावून वाळवलेले, धुरावर धरलेले. 'आबुराकासु' म्हणजे बैलाची आतडी त्यांच्याच चरबीत कडक होईपर्यंत तळून, चरबी निथळल्यावर उरलेला कुरकुरीत भाग. तो भाजीत, सारात टाकायचा. चरबी विकायची, उरलेला चोथा खायचा. योशिहिरो उएहारा या त्याच समाजातल्या लेखकाने २००५ साली वाळीत टाकलेल्यांच्या जेवणावर पुस्तक लिहिले. आपल्या वस्तीच्या चुलीपासून निघून तो अमेरिकेतले काळे, ब्राझील आणि नेपाळातले सार्की यांच्या घरांपर्यंत जातो. आपल्याकडे शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आले. दोघांना एकमेकांची वार्ता असेल-नसेल, पण दोघांनी एकाच ताटाकडे पाहिले.

२०१३ च्या डिसेंबरात युनेस्कोने जपानी पारंपरिक आहाराला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. तिथे गौरव झाला तो ऋतूंचा, निसर्गाचा, नववर्षाच्या पंगतीचा. साइबोशीला त्या पंगतीत पान नव्हते. तरीही आता आतड्यांचा चोथा घातलेले 'कासु उदोन' ओसाकाच्या खानावळीत सगळेच भुरकतात, बहुतेकांना तो कुठल्या चुलीवरून आला हे ठाऊक नसते. चव वर चढली, नाव खाली राहिले. चान्यांचे असेही झाले नाही. आजी म्हातारपणी कसायाकडून मोठ्याचे ताजे मांस विकत आणून वाळवी. मेलेले नव्हे, विकतचे, हा फरक ती प्रत्येकाला सांगे. २०१५ च्या कायद्याने राज्यात बैलाचे मांसही बंद झाले. म्हशीचे तेवढे उरले. माझी बायको, तीही आपलीच, दोरी गच्चीवर बांधू देत नाही. शेजारी काय म्हणतील? मीही जोर करत नाही. भाड्याने घर शोधताना 'तुम्ही काय खाता' या प्रश्नाला मी स्वतः काय उत्तर दिले होते ते मला आठवते.

महिनाभराने मी वर्गात त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. पूर्ण तास गेला, अभ्यासक्रम मागे पडला. साइबोशीची कृती सांगितली तेव्हा तो मधेच म्हणाला, "म्हणजे चान्याच की, सर." या वेळी हसणाऱ्यांत दोन-तीन पोरे वेगळी हसली, त्यांच्या घरी दोरी असणार. तेव्हापासून दरवर्षी फळ्यावर 'जपानी आहार' लिहून झाला की मी खाली एक ओळ वाढवतो : मेलेले बैल, कातडे, ढोल, साइबोशी. मुले ती वहीत उतरवून घेतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही.